नदीला गाळ घातला तेव्हा

ज्याने जगाच्या रक्षणासाठी पहिला देह धरला तो पाण्यातला धरला, त्या श्रीहरीला नमस्कार. आणि ज्याच्या पायरीशी बसून माझे आयुष्य गेले, त्या आमच्या काठावरच्या महादेवाला नमस्कार. परवा महाशिवरात्र झाली. जत्रा उठली, पाले निघाली, घाट पुन्हा मोकळा झाला. अशा रिकाम्या सकाळी मन मागे जाते. ते जिथवर गेले तिथवरचे येथे लिहून ठेवीत आहे.

आमचे गाव नागभीडच्या पलीकडे, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, संपून जंगल सुरू होते त्या सीमेवर आहे. आमची नदी लहान. पुढे वैनगंगेत मिळते, एवढीच तिची प्रतिष्ठा. परंतु मंदिराखाली ती वळते तेथे खोल डोह आहे, आणि तो डोह देवाचा मानलेला आहे. आषाढापासून पोळा होईपर्यंत त्यात कोणी जाळे टाकीत नसे. नियम कोणी घातला, कधी घातला, हे माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हते. त्या दिवसांत माशांच्या पोटात अंडी असतात आणि ते देवाच्या आश्रयाला येतात, असे मासेमारी करणारी ढिवर मंडळी सांगत. आश्रितावर शस्त्र धरू नये, असे वडील सांगत. दोन्हींचा अर्थ एकच होता.

वडिलांनी मला संस्कृत शिकवले ते या घाटावर. प्रातःसंध्या झाली की पायरीवर बसून रूपे म्हणायची, संथा घ्यायची. वैश्वदेव झाल्यावर उरलेला भात मुठीने पाण्यात सोडायचा, हे काम माझे असे. भात पडण्यापूर्वीच पाणी हलू लागे. आधी चिमुकले, चांदीच्या चुऱ्यासारखे मासे येत, मग डाडक, आणि शेवटी, आपल्याला काही घाई नाही अशा थाटात, एखादी मरळ काळी पाठ दाखवून जाई. माझ्या पाठांतराकडे माशांचे लक्ष होते की भाताकडे, असा प्रश्न मी एकदा वडिलांना विचारला. ते म्हणाले, "तुझे लक्ष कुठे होते, ते आधी सांग."

त्या काळचे पाणी गढूळ असे. पावसाळ्यात तर ते चहासारखे दिसे. डोंगरातून सागाची, बांबूची कुजलेली पाने, मोहाच्या खालची काळी माती, वाळवीने खाल्लेल्या फांद्या, सारे खाली वाहून येई आणि काठाच्या उथळ पाण्यात, देवधानाच्या, म्हणजे रानभाताच्या, गवतात अडकून राही. सोवळ्याचे धोतर त्या पाण्यात बुडवले की पिवळे होई. आईची त्यावर कायम तक्रार होती.

मग वर धरण झाले. धरणाला मी दोष देत नाही. त्याच्या कालव्याने कित्येकांच्या बांध्या पिकल्या, आणि ज्याच्या ताटात भात आला त्याने पाण्याला नावे ठेवू नयेत. परंतु डोंगराचा गाळ धरणात बसू लागला आणि खाली आमच्याकडे आले ते काचेसारखे पाणी. डोहाच्या तळाचा गोटा न् गोटा दिसू लागला. यात्रेकरू म्हणत, किती पवित्र झाले हो पाणी. धोतरे पांढरी राहू लागली. दगडावरची हिरवी साय गेली, गोगलगाई गेल्या, काठाचे देवधान गेले आणि त्याच्या जागी बेशरमाची झुडपे माजली. हे सारे इतक्या सावकाश झाले की एक सकाळ येईपर्यंत मला ते कळलेच नाही. आदल्या दिवशी टाकलेला भात त्या सकाळी तळाच्या गोट्यांवर तसाच पांढरा पडलेला दिसला. त्याला कोणी तोंड लावले नव्हते.

घाटाला लागूनच ज्यांचे घर आहे त्या ढिवर भाऊंची ओळख येथे करून देतो. ते माझ्याच वयाचे. त्यांचा डोंगा, म्हणजे लहान होडी, आणि माझी पायरी, यांत आमची मैत्री मुरली. मासे गेले तेव्हा माझा गेला तो एक आनंद. त्यांची गेली ती भाकर. सरकारी योजनेतून कटला आणि सायप्रस या बाहेरच्या माशांचे बीज नदीत सोडले जाई. ते पुरात वाहून जाई किंवा वाढले तरी फार नसे. मग पौष लागला की गावातली अर्धी माणसे तेलंगणात मिरची तोडायला जात, तशी भाऊंची बायको, मुलगा आणि सूनही जाऊ लागली. भाऊंना दमा आहे. एकदा ते गेले होते, मिरचीच्या ठसक्यानेच त्यांचा श्वास कोंडला आणि त्यांना परत आणावे लागले. तेव्हापासून पौष ते फाल्गुन भाऊ एकटे घरी राहत आणि आमच्याकडे जेवत. बाई तिकडे मिरची तोडत. मन त्यांचे इकडे, रात्री या माणसाला दमा उसळला तर पाणी कोण देईल, यात अडकलेले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या आमच्या ओट्यावर येऊन एकच सांगत, "लक्ष ठेवजा जी महाराज. बुढा स्वतःहून काही सांगत नाई."

नदी जगली तर ही बाई घरी राहील. हिशेब एवढा सरळ होता, आणि आम्हां दोघांना तो पाठ होता.

एका वैशाखात भाऊंना युक्ती सुचली. आमच्याकडे उन्हाळ्यात बोडी, म्हणजे गावामागचा लहान तलाव, आटला की त्यातला गाळ काढून बांधीत टाकतात. त्यावर धान असे उठते की खताचे काम पडत नाही. पिढ्यान् पिढ्यांची ही रीत. भाऊ म्हणाले, "महाराज, नदी उपाशी हाये. वावराले गाळ देतो तं वावर पिकते. नदीले देऊन पाहू." मला हे पटले. अन्नाने प्राणी होतात, हे मी लहानपणापासून म्हणत आलो होतो. साऱ्या गावालाही पटले. कारण गाळ वाहण्यात आमच्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. ट्रॅक्टर आले, घमेली आली. हरिनाम घेत आम्ही बोडीचा काळा गाळ डोहात लोटला.

वैशाखाचे पाणी उभे होते, त्याला वाहणे नव्हते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोहाला वास सुटला. जे थोडे मासे अजून तग धरून होते ते पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेऊ लागले, आणि मग पांढरी पोटे दाखवत काठाला लागले.

बाई कमरेवर हात देऊन घाटावर उभ्या होत्या. नवऱ्याला म्हणाल्या, "चांगलं पोटभर जेऊ घातलंत जी. मेले बिचारे खाऊन."

"मले काय सपन पडलं होतं?" भाऊ पुटपुटले.

"सपन नाई पडलं, पर नाक तं होतं? बोडीचा गाळ काढतांनी कसा भपकारा येते, ते ठाऊक नोयतं?"

"तू का नाई बोलली मंग?"

"मी घमेले उचलून राह्यली होती. बोलाले उसंत देल्ली का कोणी?"

मला हसू आले आणि त्याच क्षणी वाईट वाटले. त्या वर्षीचा पौष आता अटळ होता, हे त्यांच्या भांडणातही दोघांना ठाऊक होते.

त्या सुमारास नागपूरहून एक बाई गावात येत असत. माशांचा अभ्यास करीत. वयाने माझ्या मुलीएवढ्या, परंतु बोलणे शांत आणि ऐकून घेणे त्याहून शांत. मेलेले मासे त्यांनी पाहिले, गाळ बोटांत चुरगळून पाहिला. म्हणाल्या, "गाळ द्यायचा तुमचा विचार खरा आहे, आजोबा. पण नदी गाळ साठवून खात नाही, वाहता वाहता खाते. पुराबरोबर, थोडा थोडा, उथळात पसरून. उभ्या पाण्यात तो सडतो आणि पाण्यातली हवा संपवतो." भाऊ ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "मंग धरणातला गाळ पुराच्या वक्ती खाली सोडला तं?" नागपूरच्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, तेच मागायला हवे.

धरणाच्या तळाशी एक दार आहे. पावसाळ्यात ते बंद असे. जादा पाणी सांडव्यावरून जाई, वरचे, निवळलेले. ते तळाचे दार पुरात काही काळ उघडले तर गाळ पाण्याबरोबर सुटेल आणि पाण्याला ओढ येईल. त्या ओढीवर मासे अंडी घालायला वर चढतील. एवढीच मागणी. त्यासाठी मंदिराच्या सभामंडपात बैठक झाली. पाटबंधाऱ्याचे साहेब आले, धानवाले शेतकरी आले. शेतकऱ्यांचा राग खरा होता. एक जण म्हणाला, "मासोळ्यांसाठी आमचं पाणी सोडता? उन्हाळी धानाले मंग काय महाराज मंत्र घालतीन?"

सगळे हसले, मीही हसलो. मागच्या खांबाजवळून भाऊंच्या बाई त्या शेतकऱ्याला म्हणाल्या. "भाऊ, पुराचं पाणी सांडव्यावरून जातेच. ते तू बांधीत नेतो का? वरून जाते ते खालून जाऊ दे म्हणतो आमी. अन् तुह्या बांधीत गाळ टाकाले मीच आली होती ना, का विसरला?" तो शेतकरी मान खाजवू लागला. साहेबांनी सांगितले की दार गंजले आहे, दुरुस्ती लागेल, वरून परवानगी लागेल, वचन देत नाही. मी त्यांना प्रसाद दिला. त्यांनी तो खाल्ला आणि जाताना म्हणाले, प्रयत्न करतो. वचनाहून हा शब्द मला अधिक भरवशाचा वाटला.

दार दुरुस्त व्हायला एक पावसाळा गेला. तोवर बायकांनी बेशरम उपटले. चिखलात उतरून काठ मोकळा करून बोडीतले देवधान आणि कमळाची मुळे आणून उथळात लावली. लावणी ती लावणीच. रोवणी करताना म्हणायची गाणी त्यांनी तेथेही म्हटली. परका मासा सोडायचा नाही, हे गावाने ठरवले. आणि बोडीतले डाडक आणि मरळ पाण्याने भरलेल्या गुंडांत, म्हणजे पितळी घागरींत, घालून, डोक्यावर घेऊन, त्यांनी डोहापर्यंत आणले. मी घाटावर मंत्र म्हणत उभा होतो. एक गुंड वाटेत हिंदकळला आणि आतली मरळ रस्त्यावर पडली, तेव्हा मंत्र सोडून मलाही धावावे लागले. तिने माझे सोवळे चिखलाने माखले. आई असती तर बोलली असती.

पुढच्या श्रावणात दार उघडले. पहाटेच्या संध्येला पायरीवर आलो तो पाण्याचा आवाज बदललेला होता. उजाडले तेव्हा दिसले, पाणी गढूळ होते. वर पानांचा चुरा होता, काड्या होत्या, फेसाला मातीचा रंग होता. अर्घ्य देण्यासाठी ओंजळ भरली तर तिच्यात तळहात दिसेना. माझ्या डोळ्यांना पाणी आले, हे लिहायला संकोच वाटत नाही. मला वडिलांचा घाट दिसला.

परंतु त्या वर्षी मासे आले नाहीत, आणि पौषात भाऊंच्या बाईंना मिरचीला जावे लागले. निघताना त्या नदीकडे पाहून म्हणाल्या, "इतकं केलं तुले, अन् तू अशी." भाऊ रोज आमच्याकडे जेवत आणि जेवून घाटावर बसून पाणी पाहत.

आता गेल्या पावसाळ्याचे सांगतो. दार पुन्हा उघडले होते. देवधान कंबरेइतके झाले होते. एका दुपारी भाऊंनी मला हाक मारली. पायरीखाली, गवताच्या उघड्या जागी, पाण्यात एक तांबूस ढग हलत होता. जवळून पाहिले तर तो जिवंत होता. शेकडो लालसर पिल्ले एकमेकांना चिकटून फिरत होती, आणि त्यांच्या खाली एक मरळ आणि तिचा नर राखण करीत होते. भाऊ खाली वाकले आणि कुजबुजले, "पिल्लं घेऊन फिरून राह्यली." आम्ही दोघे म्हातारे तसेच पालथे पडून पाहत राहिलो. भात टाकावा असे मला वाटले. त्यांनी हात धरला. "नको जी. त्याईचं त्याईले भेटते आता."

दिवाळीनंतर भाऊंच्या जाळ्यात डाडक येऊ लागले, झिंगे येऊ लागले. डोहात नाही, डोह अजून देवाचा आहे, आणि आता गावाने तो बारमाही राखला आहे. डोहाच्या खालच्या पात्रात, जेथे त्यातले सुटलेले मासे जातात. फार नाही, पण रोजचे.

पौषात मिरचीची गाडी आली. चौकात हॉर्न वाजला. मुलगा आणि सून सामान घेऊन चढले. तरुणांना तेवढ्यावर भागत नाही, आणि ते मी त्यांना शिकवणार नाही. मुकादम ओरडला, "बाई, चाल ना! जागा धरली आहे तुही."

बाई अंगणात फाटलेले जाळे सांधत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुसऱ्याले दे."

"काऊन? येत नाई का?"

"नाई येत. नदीनं कामाले लावलं इथी."

गाडी निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत भाऊ रस्त्याकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "महाराज, राग नोका मानू. पर तुमच्या घरचं अळणी खाऊन जीव थकला होता."

"तीन महिने फुकट जेवलात, ते सांगा," मी म्हणालो.

बाई हसल्या. जाळे बाजूला ठेवून त्या आत गेल्या आणि चूल पेटल्याचा धूर छपरातून वर आला. भाऊंना त्या धुराने थोडा खोकला आला. आतून लगेच आवाज आला, "पाणी आणू का?"

"आण," ते म्हणाले.

हे जो वाचील, त्याच्या घरी हाक मारल्यावर आतून उत्तर देणारे माणूस सदैव असो. त्याची चूल पेटती राहो, त्याच्या गावाचे पाणी जिवंत राहो, आणि पोटासाठी दूर गेलेली त्याच्या घरची माणसे महादेवाच्या कृपेने सुखरूप परत येवोत.