या वयात असं होतंच

लॅबमध्ये सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. लॅब दातांची. शहरातले दातांचे डॉक्टर माणसांच्या हिरड्यांची मापं घेऊन पाठवायचे आणि त्या मापांवरून इथे कवळ्या बनायच्या. एका लांबट खोलीत बाकं मांडलेली, प्रत्येक बाकावर स्पिरिटचा दिवा, मेण, मेण कोरायची सुरी आणि प्लास्टरचे पांढरे साचे. खिडकीजवळचं बाक मोठ्या बाईंचं. लग्न झालं त्याच वर्षी त्या इथे लागल्या आणि तिथेच बसून चाळिशी ओलांडून पन्नाशीच्या दाराशी आल्या.

त्यांच्या हातची कवळी खोटी म्हणून ओळखू यायची नाही, म्हणून तर डॉक्टर त्यांनाच मागायचे. सगळे दात शिपायांसारखे एका ओळीत उभे केले की माणूस हसला तरी खोटा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. एखादा दात त्या केसभर तिरका बसवायच्या, एखाद्याची कड किंचित झिजवायच्या. "माझं नाव कुणाच्या तोंडी नसतं, पण दात माझेच असतात," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

सुरुवात उकाड्यापासून झाली. काम करता करता छातीतून काहीतरी उसळायचं, मानेवरून गालांवर चढायचं, कान तापायचे आणि पाठीवरून घामाची धार लागायची. थोड्या वेळाने सगळं ओसरायचं आणि मागे हुडहुडी उरायची. बाईंना आधी वाटलं, दिव्याची धग लागतेय. त्यांनी दिवा लांब सरकवला. मग वाटलं, कोट जाड आहे. तो बदलला. मग त्यांनी पंखा लावला. त्याबरोबर शेजारच्या बाकावरचा दिवा विझला आणि प्लास्टरची भुकटी सगळ्यांच्या डोळ्यांत गेली. शेजारच्या बाकावर धाकटी बसायची. तिला बाईंनीच हाताला धरून काम शिकवलं होतं. तिने उठून पंखा बंद केला. बाईंनी पुन्हा लावला. त्या दिवशी खोलीत कुणी कुणाशी धड बोललं नाही.

घरी झोपेचं खोबरं झालं होतं. मध्येच जाग यायची तेव्हा उशी ओली, गाऊन अंगाला चिकटलेला, काळीज धडधडत असायचं. बाई खिडकी उघडायच्या, नवरा उठून लावायचा. नवरा विमा कंपनीत होता आणि त्याला सकाळी लवकर निघायचं असायचं. एके दिवशी तो उशी काखेत मारून हॉलमध्ये झोपायला गेला. तो तिथलाच झाला. त्याआधीही त्या दोघांत जवळीक उरली नव्हती. बाईंना दुखायचं, जणू आत कुणी काचकागद घासतंय. त्यांनी एकदा तसं सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "इतकी वर्षं बरं दुखलं नाही." त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पाळी कधी तीन महिने गायब, कधी पंधरवड्यात दोनदा, आणि आली की नळ फुटल्यासारखी. एकदा लॅबमध्ये त्या खुर्चीवरून उठल्या आणि पांढऱ्या कोटाला मागून डाग. मालक समोरच उभे होते. त्यांनी मान वळवली आणि छताकडे बघत कामाचं बोलत राहिले. बाईंना वाटलं, ओरडले असते तरी बरं झालं असतं.

शेवटी त्या घरच्या डॉक्टरांकडे गेल्या. गृहस्थ वयस्कर, वर्षानुवर्षांच्या ओळखीचे. बाईंनी धडधड सांगितली, झोप सांगितली, सकाळी बोटं आखडतात तेही सांगितलं. पाळीचं सांगायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "हो हो, या वयात असं होतंच." हृदयाचा आलेख काढला, तो चांगला आला. त्यांनी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि एखादा छंद लावून घ्या म्हणाले. बाई घराकडे चालत येताना विचार करत होत्या, छंद कसला लावून घ्यायचा. दिवसभर काम, मग स्वयंपाक, मग ओल्या चादरी धुणं. एवढे छंद पुरेसे होते.

मग शब्द हरवायला लागले. रोजच्या हातातली सुरी, पण नाव आठवेना. "ते दे गं, ते, अगं ते कोरायचं," असं म्हणत त्या हवेत बोटं फिरवायच्या आणि धाकटी ओठ दाबून सुरी पुढे करायची. संताप तर नाकाच्या शेंड्यावर. एकदा प्लास्टर गुठळ्या होऊन बसलं म्हणून त्यांनी भांडंच भिंतीवर भिरकावलं. भांडं रबराचं होतं, ते उडी मारून परत त्यांच्याच पायाशी आलं. बाकीच्यांना हसू आवरेना. बाई बाथरूममध्ये जाऊन रडल्या, आणि आपण का रडतोय हे त्यांनाच कळेना.

आणि मग ती चूक झाली. दोन माणसांचे साचे एकाच वेळी त्यांच्या बाकावर होते. बाईंनी एकाची कवळी दुसऱ्याच्या नावाने पाठवली. त्यातले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या जुन्या शाळेने त्यांचा सत्कार ठेवला होता. ऐनवेळी कवळी तोंडात बसेना. बिचारे रुमाल तोंडावर धरून व्यासपीठावर बसले आणि भाषण न करताच घरी गेले. त्यांच्या डॉक्टरांनी मालकांना फोनवर फैलावर घेतलं.

मालकांनी बाईंना आत बोलावून दार लावलं. ते वाईट बोलले नाहीत. बाई, तुम्ही थकलात, असं म्हणाले. उद्यापासून पुढच्या काउंटरवर बसा, आलेली मापं घ्या, तयार माल बांधून द्या, बाकावर धाकटी बसेल. बाईंनी एवढंच विचारलं, "कायमचं?" मालक म्हणाले, "बघू ना."

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, बरं झालं, आराम मिळेल. त्याच संध्याकाळी भांडी घासताना बाईंना त्याचा आवाज ऐकू आला. तो भावाशी फोनवर बोलत होता. हिचं डोकं फिरलंय, म्हणत होता, काही बोलायची सोय राहिली नाही, घरात बसवत नाही. आवाज बारीक केला होता त्याने, पण घर केवढं? बाईंनी नळ बंद केला नाही. ऐकलं नाही असं दाखवायला तेवढाच आधार.

रविवारी त्या ताईकडे गेल्या. ताई त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. मनगट मोडल्याने तिचा हात गळ्यात बांधलेला होता. बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय घसरला, हात टेकवला, तेवढ्याने मनगटाचं हाड काडीसारखं मोडलं. बाई तिचे वाळलेले कपडे घडी करत बसल्या आणि घड्या करता करता सगळं बोलून गेल्या. उकाडा, रक्त, विसरणं, हॉलमधली उशी. ताई ऐकत होती. मग ती म्हणाली, "मलाही झालं होतं."

"काय?"

"हेच सगळं. सहा-सात वर्षं चाललं. मी नोकरी सोडली ना, ती काय हौस म्हणून? वर्गात उभी राहिले की दरदरून घाम फुटायचा, मुलं हसायची."

बाईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ताईने शाळेची नोकरी सोडली तेव्हा घरात सगळे म्हणाले होते की हिला आता आयतं बसून खायचंय. "मला सांगितलं का नाहीस ताई?"

"मला कुणी सांगितलं होतं?" ताई म्हणाली. "बाईने सोसायचं असतं. आपोआप जातं."

तिच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. बाईंना त्याचीच भीती वाटली.

पुढच्या पाळीला रक्त थांबेचना. तशाच त्या कामावर गेल्या, जिन्याच्या चार पायऱ्या चढतानाही धाप लागत होती. येताना बसथांब्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या कोसळल्या. लोकांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे अंगात रक्त फारच कमी भरलं म्हणून दाखल करून घेतलं आणि बायकांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या वयाने लहान होत्या, बोलायला फटकळ, केस कसेतरी बांधलेले. खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या आणि एकेक विचारू लागल्या. पाळी कशी येते? उकाडा दिवसातून किती वेळा? झोप? चिडचिड? विसरायला होतं? नवऱ्याशी संबंध ठेवताना दुखतं का? घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, कुणाच्या पायात रक्ताच्या गाठी? बाई उत्तरं देत गेल्या. इतक्या वर्षांत हे प्रश्न त्यांना कुणीही विचारले नव्हते.

"एवढा त्रास सोसत होतात, मग इतके दिवस होतात कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डॉक्टरांकडेच," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी समजावून सांगितलं. पाळी जायच्या आधीची काही वर्षं अंडाशयातली संप्रेरकं सरळ कमी होत नाहीत, झोके घेत कमी होतात, कधी एकदम वर, कधी तळाला. त्या झोक्यांनी शरीरातलं तापमानाचं गणित बिघडतं, झोप मोडते, धडधड होते, शब्द सुचत नाहीत, मन हळवं होतं. आतली त्वचा कोरडी पडते म्हणून दुखतं. पुढे हाडंही ठिसूळ होतात. काहींना हे सगळं नुसतं चाटून जातं, काहींना लोळवतं. "तुम्हाला लोळवलंय. पण होतंच म्हणून सोडून द्यायचं नसतं. आणि इतकं रक्त जाणं तर नाहीच नाही. ते आधी तपासायचं."

बाई रडायला लागल्या. वेड लागतंय असं त्या मनात धरून बसल्या होत्या. ते वेड नव्हतं, त्याला नाव होतं, त्याच्यावर औषध होतं. या डॉक्टरीणबाईंना ते ठाऊक होतं, म्हणजे ते आधीही कुणाला ठाऊक असणारच.

तपासण्या झाल्या. सोनोग्राफी, थायरॉइड, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा. वाईट काही निघालं नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी संप्रेरकांच्या औषधांचे फायदे-धोके दोन्ही नीट सांगितले. प्रत्येकीला ती चालत नाहीत, ज्यांना चालत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी औषधं असतात, तुम्हाला चालतील, असं म्हणून दंडाला लावायचं जेल दिलं. गर्भाशयाच्या अस्तराला धोका नको म्हणून त्याच्या जोडीला गोळी. कोरडेपणासाठी वेगळं मलम. रोज चालायचं, थोडं वजन उचलायचं, ठरलेल्या दिवशी येऊन दाखवायचं. सुरुवातीला स्तन दुखू लागले, तेव्हा मात्रा कमी केली. मग हळूहळू उकाडा उतरला. एके सकाळी बाई उठल्या आणि चादर कोरडी होती. त्या बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत बसल्या.

नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं, मलमाचंही. तो म्हणाला, "म्हणजे औषधाने बरं होणार होतं, तर आधीच का नाही घेतलंस?" काही दिवसांनी तो उशी घेऊन आत आला. बाईंनी दारातच सांगितलं, "तुम्ही हॉलमध्येच झोपा. मला खिडकी उघडी लागते." त्याला वाटलं, रुसवा आहे, जाईल. रुसवा काही गेला नाही.

ताईला त्या हाडांच्या तपासणीला घेऊन गेल्या. हाडं ठिसूळ निघाली. ताईने गोळ्या घ्यायला सुरुवात केली, पण वाटेत म्हणाली, "आता काय उपयोग?" नोकरीबद्दल ती पुन्हा बोलली नाही.

अंगात बळ आलं तशा बाई मालकांकडे गेल्या. आता डोकं साफ आहे, हात पहिल्यासारखे चालतात, माझं बाक मला द्या, म्हणाल्या. मालकांनी ऐकून घेतलं. धाकटी आता बसलीय, तिला कसं उठवू, म्हणाले. डॉक्टर मंडळी तिच्या कामावर खूश आहेत. शिवाय, इथे ते अडखळले, पुन्हा तसं काही झालं तर? बाईंनी बाहेर येऊन खिडकीजवळच्या बाकाकडे पाहिलं. धाकटीने मान वर केली नाही. तिच्यासमोरच्या मेणात दात बसवलेले होते, सगळे सारखे, सगळे पांढरेशुभ्र, एका ओळीत.

त्या महिन्यात नवऱ्याच्या भावाच्या घरी सगळे जमले होते. चहा होत होता. नवरा कुणाला तरी सांगत होता, मध्ये हिचं जरा बिघडलं होतं, आता शांत झालीय. बाईंनी कप खाली ठेवला. "माझं काही बिघडलं नव्हतं. पाळी जायच्या वेळचा त्रास होता. मी रक्त जाऊन रस्त्यात पडले आणि तुम्ही मला वेडी म्हणत होतात. फोनवर. मी ऐकलंय."

दिराने टीव्हीचा आवाज वाढवला. बाई कप गोळा करून आत गेल्या तेव्हा धाकटी जाऊ मागोमाग आली. बाईंना वाटलं, ही डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारेल. तिचंही वय तेच. पण ती दबक्या आवाजात म्हणाली, "चार माणसांत बोलायची गोष्ट आहे का ही, वहिनी? पुरुष बसलेत." बाईंनी तिला पत्ता तरीही सांगितला. तिने तो लिहून घेतला नाही.

वर्षभराने बाईंनी ती लॅब सोडली. दुसऱ्या दोन ठिकाणी वय ऐकून नकार आला. तिसरीकडे घेतलं, तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत, फक्त मोडलेल्या कवळ्या जोडायला. नव्या कवळ्या वरच्या मजल्यावर बनतात आणि तिथे तरुण माणसं बसतात. बाई दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या दातांच्या भेगा भरतात. डबा एकट्याच खातात. पगाराच्या दिवशी वरच्या मजल्यावर जायचं असतं, पण जिना चढताना त्यांना आता धाप लागत नाही.