वानर, परी आणि कुरडयांची राखण

वानर आणि चार वर्षांचं मूल यांत जास्त संयम कोणाला, याचा प्रयोग मी आमच्या मोताळ्याच्या गच्चीवर केला आहे. त्यात सासूबाईंच्या कुरडया गेल्या.

मी शिक्षिका. उन्हाळी सुट्टीत (ती नावालाच!) प्रशिक्षण होतं. तिथले साहेब म्हणाले, माकडापुढे खाऊ ठेवा, मुलापुढेही ठेवा. थांबेल त्याला दुप्पट द्या. पुढचा विचार कोणाला आहे ते कळतं. पंख्याखाली बसून मला ते फारच पटलं.

घरी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कुरडया घातल्या होत्या. गहू भिजवा, चीक काढा, पहाटे उठून तो शिजवा. आमच्या दोघींचे दंड भरून आले होते. या कुरडया माझ्या नणंदेच्या सासरी जायच्या होत्या. "तुमच्याकडच्या काळ्या पडतात," असं तिची सासू गेल्या वर्षी चारचौघांत म्हणाली होती! यंदा आत्याबाईंची इज्जत गच्चीवर जुन्या साडीवर वाळत होती.

"मी बाजारातून येतो," निघताना आत्याबाई म्हणाल्या. "वानेरं लय माजले. डोळा लागू देऊ नको वं!"

"हो, आत्याबाई."

डोळा तर सकाळपासून टपूनच बसला होता! मग मला शास्त्रीय युक्ती सुचली. लेकीला, परीला, टाकीच्या सावलीत बसवलं आणि समोर पेढा ठेवला.

"मी येईलोक हालायचं नाही, पेढ्याले हात लावायचा नाही. वानेर आलं तं हाक मारायची. मंग दोन भेटतील!"

आणि पाचच मिनिटं म्हणून खाली कूलरपुढे आडवी झाले.

जाग आली ती आत्याबाईंच्या किंकाळीनं. वर धावले. साडी रिकामी! कठड्यावर एक दांडगं वानर शेवटची कुरडई निवांत खात होतं. परी जागची हलली नव्हती. पेढाही तसाच!

"हाक काऊन नाही मारली?" मी ओरडले.

"मारली! तू घोरून राह्यली होती."

"अन् हे वानेर कधी आलं?"

"लय आधीच. कडुलिंबावर बसून होतं. आजी गेली, तू गेली, मंग उतरलं. दे आता दोन पेढे!"

मी दिले.

"वानराले अक्कल, लेकराले अक्कल," आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अन् सरकार पगार कोणाले देते?"

गहू पुन्हा भिजले. पुन्हा चीक, पुन्हा पहाट, पुन्हा दंड. या खेपेला भर उन्हात काठी घेऊन मी स्वतः बसले, आणि माझ्यावर लक्ष ठेवायला परी. दुपारी आत्याबाई चहा घेऊन वर आल्या.

"आत्ता पायजे तं अर्धा कप. कुरडया वाळेलोक जागी राह्यली तं पुरा कप, वरून भजे!"

परीनं डोळ्यांनी खुणावलं, थांब म्हणून. मी अर्धा कप घेतला.