आंटी अबेना ऑन एअर

आमच्या ऑफिसात फाइली डिलीट होतात, किस्से होत नाहीत! सिंगापुरात वन-नॉर्थ भागात आमचा छोटासा स्टुडिओ आहे. हॉस्पिटलांसाठी आम्ही आरोग्याचे ऑडिओ कार्यक्रम करतो, इथे बोलल्या जाणाऱ्या नाना भाषांत. माणसं चार, किटली एक. पण त्या चारांत आंटी अबेना असल्या की किस्से ठेवायला जागा पुरत नाही.

त्या घानाच्या. अर्धं आयुष्य तिकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावात रेडिओ पत्रकार होत्या, मग कम्युनिकेशन्समध्ये आल्या आणि आता माझ्या बॉस आहेत. घानात काय नि सिंगापुरात काय, वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात. त्यामुळे बॉसला काय हाक मारायची हा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटला.

*

मी स्कॉटलंडहून शिकून इथे टॅम्पिनीसच्या घरी परतले ती समाज बदलायच्या तयारीनेच. आवाजाने माणसं जोडता येतात असं मला अजूनही वाटतं. हसा खुशाल! बाबांनी मात्र माझ्यासाठी बँकेतली नोकरी जवळजवळ ठरवूनच ठेवली होती. ते स्वतः जन्मभर बँकेत होते. मी नाही म्हटलं आणि स्टुडिओत आले. त्या दिवसापासून बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. जे काय असेल ते आईमार्फत. मी समोर बसलेली असले तरी, "तिला सांग, छत्री ने."

तर माझं पहिलं स्क्रिप्ट. विषय डायबेटिस. मी त्यात 'सक्षमीकरण' तीनदा घातलं होतं. आंटींनी दोन ओळी ऐकल्या.

"हे कोणाला सांगतेस?"

"जनतेला."

"अस्सं. जनता जेवली का?"

मी स्क्रिप्टची पानं उलटली.

"माहीत नाही ना? मग जिचं माहीत आहे, तिला सांग."

शेजारच्या पेंडसे काकूंना सांगतेय असं समजून मी सगळं परत लिहिलं. सक्षमीकरण आपोआप गळालं. काकूंसमोर तो शब्द काढायची हिंमतच नव्हती!

*

रेडिओवर शांतता पसरली की नोकरी जाते, हे आंटींच्या हाडात भिनलंय. आणि आमच्या मीटिंगांत "काही प्रश्न?" म्हटलं की सगळे माइक बंद करून बसतात.

एकदा एका क्लायंटच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये अशीच शांतता पडली. मला वाटलं नेट गेलं. तेवढ्यात आंटींचा तो मुरलेला आवाज: "आता तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. पूर्वेला पाऊस आहे. ज्यांनी कपडे वाळत घातलेत, त्यांनी घरी फोन करावा."

पडद्यावरची दोन माणसं खरंच फोन घेऊन उठली! शेवटी क्लायंटच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "आंटी, एव्हरी वीक कॅन ऑर नॉट?" म्हणजे, दर आठवड्याला हे जमेल का?

*

घानातला एक किस्सा आंटी स्वतः सांगतात तेव्हा माइकशिवायही घोषणा केल्यासारखा वाटतो.

एक मंत्री मुलाखतीला येणार होते. वेळ झाली, मंत्री नाहीत. लाइव्ह कार्यक्रम. आंटी म्हणाल्या, "श्रोतेहो, मंत्रीसाहेब वाटेत आहेत. वाट त्यांच्याच खात्याने बांधली आहे, त्यामुळे वेळ लागतोय."

साहेब गाडीत रेडिओ ऐकत होते.

"मग?" मी घाबरून विचारलं.

"मग काय, रस्ता झाला! उद्घाटनाला मला तेवढं बोलावलं नाही."

मी स्कॉटलंडात वर्गात बसून पत्रकारितेवर लांबलचक निबंध लिहिले. त्यांतल्या एकानेही खड्डा बुजला नाही.

*

आईने त्यांना जेवायला बोलावलं. आईची भेंडीची भाजी म्हणजे कुरकुरीत, तार म्हणून नाही. आंटींनी एक घास घेतला आणि हळहळल्या, "अहो ताई, भेंडीतलं सगळं चांगलं काढून टाकलंत! आमच्याकडे भेंडी घसरली पाहिजे!"

आईचा चेहरा पडला. पण ताटातली भाजी संपवून त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली, तेव्हा आई म्हणाली, "घसरली नाही, तरी उतरली ना घशाखाली?"

जेवताना बाबांचं चालूच होतं. "तिला सांग, पाणी आण." "तिला सांग, पंखा वाढव." मी आंटींना हळूच सगळं समजावलं.

त्या म्हणाल्या, "हे मला नवीन नाही. आमच्या रेडिओ स्टेशनवर मी सकाळी लोकांनी एकमेकांना धाडलेले निरोप वाचायचे. एकाची बायको रुसून माहेरी गेली होती. त्याने निरोप दिला, 'घरी ये, बकरी व्यायली.' दुसऱ्या दिवशी बायकोचा आला, 'बकरीचं अभिनंदन. मी येत नाही.' अख्ख्या गावाने ऐकलं, तरी ती दोघं एकमेकांशी बोलेनात!"

आई खो खो हसली. बाबा भातात बघत राहिले.

*

मग डायबेटिसवरचा मराठी कार्यक्रम आला. साठीचा, साखर असलेला, मराठी बोलणारा माणूस हवा होता. लिटिल इंडियात वाणसामान घेताना मराठी कानावर पडलं की मी माणसाच्या मागे जायचे. लोक आपली साखर किती ते हौसेने सांगत, पण माइक म्हटलं की पसार.

साठीचे नि साखरवाले बाबा तर घरातच होते; आंटींनी परस्पर आमच्या घरी फोन लावला. आणि बाबा हो म्हणाले! पाहुण्या बाईला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी ते उठायच्या आत मी घाबरून ऑफिसला पळाले.

स्टुडिओत बाबा माइकसमोर, मी त्यांच्या समोर प्रश्न घेऊन, आंटी काचेपलीकडे. रेकॉर्डिंगआधी आवाजाची लेव्हल बघतात. पाहुण्याला काहीतरी साधं विचारायचं. उत्तराकडे कुणाचं लक्ष नसतं, सगळे मीटर बघत असतात.

"अंकल, सकाळी काय खाल्लंत? मराठीतच सांगा. मला नाही कळलं तरी चालेल."

बाबांनी घसा साफ केला. माइककडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"उपमा. तू न खाता पळालीस, तुझ्या वाटचाही मलाच संपवावा लागला. उद्यापासून खाऊन जात जा."

मी हातातले कागद उगाच चाळायला लागले. आंटींनी काचेमागून ते खाली ठेवायची खूण केली. माइकवर आवाज येतो ना!

"लेव्हल एकदम परफेक्ट, अंकल. प्लीज, तेच परत एकदा."

बाबा परत बोलले. एकही शब्द न बदलता.