सासऱ्याचं नाव

पडदा सरकतो तेव्हा रंगमंचावर ना राजा असतो, ना राणी. एक टेबल, त्यावर अंगठा ओळखणारं यंत्र, आणि यंत्रामागे पांढरीफटक पडलेली गुल्बार्चिन. गावच्या कलाभवनाच्या याच फळ्यांवर कधीकाळी नाटकं रंगली, टाळ्यांनी छत हाललं. आज इथे मतदान आहे.

अंगठा जुळला की यंत्रावर बसलेल्यानं मतदाराचं नाव खणखणीत वाचायचं, निरीक्षकानं ऐकायचं, मग मतपत्रिका. सकाळपासून निम्मं गाव तिनं वाचून काढलं होतं. धास्ती एकाच नावाची होती. किर्गिझ सून सासऱ्याचं नाव जिभेवर आणत नाही. आणलं तर त्याचं आयुष्य उणावतं, असं सासूनं लग्नाच्या दिवशीच बजावलेलं. आणि म्हातारा नुकताच छातीच्या दुखण्यातून उठला होता. "अताके, तुम्ही घरीच मतपेटी मागवा," अशी तिनं त्याला किती विनवणी केली होती! त्यानं मानही डोलावली होती.

बाहेर घोडा खिंकाळला. धापा टाकत म्हातारा आत आला.

"अताके! घरी पेटी येणार होती ना?"

"पेटी मरणाऱ्यांच्या घरी येते, सूनबाई. मी अजून घोड्यावर बसतो."

त्यानं अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला.

"नाव?" निरीक्षकानं विचारलं.

"हे... आमच्या घरातले थोरले."

रांगेत हशा पिकला. "कळलं गं बाई, आम्हाला कळलं!" कुणीतरी ओरडलं.

"मी वाचते," केंद्रप्रमुख साल्तानात-एजे पुढे झाल्या.

"यंत्रावर बसलेल्यानंच वाचायचं," निरीक्षक म्हणाला. "नाहीतर मतपत्रिका नाही."

म्हाताऱ्याचा हात छातीकडे गेला. अजून तर गुल्बार्चिननं नाव घेतलंही नव्हतं!

"एकही मत चुकवलं नाही मी आजवर," तो हळूच म्हणाला. "तुझ्या हातून चुकायचंय का?" मग डोक्यावरची पांढरी कल्पाक टोपी त्यानं दोन्ही हातांनी कानांवर ओढली. "वाच, पोरी. मला काही ऐकू येत नाही."

तिनं डोळे मिटून टेबलाची कड घट्ट धरली.

"झोरोबेकोव ताश्तानबेक," ती म्हणाली, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. आणि डोळे उघडायच्या आधीच, कापऱ्या आवाजात:

"अताके, श्वास घेताय ना?"