डाव्या हाताची बादली

पिराजी चौगल्यानं आयुष्यात दोनच गोष्टी लपवल्या. तरुणपणी तालमीत हरलेली एक कुस्ती, आणि साठीनंतर गेलेली नजर. कुस्तीचं बायकोला लग्नाच्या वर्षातच कळलं. नजरेचं मात्र त्यानं दोन वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं, पोटच्या पोरीलासुद्धा.

डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. समोरचं नळीतून बघावं तेवढं दिसे, तेही धुरकट. डाव्या-उजव्या बाजूला काहीच नाही. आणि हा माणूस होता गुळव्या! काहिलीत, त्या अवाढव्य कढईत, उकळणारा पाक नेमका कधी उतरवायचा, ते सांगणारा. चार क्षण आधी उतरवला तर गूळ धरत नाही, चार क्षण उशीर झाला तर करपतो. एकतीस हंगाम त्यानं वडणग्याच्या शिवारात उदयसिंहाच्या गुऱ्हाळावर ही जोखीम पेलली होती. नजर गेली म्हटल्यावर त्याला काहिलीजवळ कोण उभं करणार? आणि काहिलीशिवाय पिराजी म्हणजे कोण, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तो कानानं आणि नाकानं निभावत होता. बाकी सगळं सवयीवर. पाण्याची बादली डाव्या हाताला, हातभर अंतरावर. पळीभर पाक तिच्यात ओतायचा, थंड झाला की बोटांनी गोळी वळायची आणि बादलीच्या काठावर आपटायची. टण्ण वाजली की पाक झाला. गडी आले, गेले, पण बादली कधी जागची हलली नाही, आणि त्याचं पिराजीला कधी नवल वाटलं नाही.

अशात क्रांतीनं हे लघुपटाचं काढलं. ही त्याची धाकटी लेक, जयसिंगपूरला हायस्कुलात विज्ञान शिकवते. कोल्हापुरात कला, संस्कृती आणि विज्ञान यांवर लघुपटांची स्पर्धा होती. पाच मिनिटांचा पट, तोही एका दमात घेतलेला. मध्ये किंवा शेवटी, कुठंही कापाकापी केली की बाद. बाप नुसत्या अंदाजानं ‘उतरवा’ म्हणणार आणि त्याच क्षणी तापमापक एकशे अठरा अंश दाखवणार, एवढाच तिचा पट. पिराजीनं दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “नाव दिलंय मी, तात्या,” आणि त्याला हो म्हणावं लागलं. निवडलेले पट सभागृहात भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवणार होते. उदयसिंह पहिल्या रांगेत बसणार, आणि मग एवढ्या मोठ्या पडद्यावर आपली चाचपडणारी बोटं कुणाला दिसणार नाहीत?

पट घ्यायचा त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत तो पाठवायची मुदत होती. दुपारी तीनला काहील चढली. इस्त्रीचा शर्ट घालून उदयसिंह कोपऱ्यात उभा होता. पाक आटत आल्यावर पिराजीनं पहिली गोळी वळली. मऊच.

“अजून न्हाय,” तो म्हणाला आणि काहिलीकडं कान लावून उभा राहिला.

तेवढ्यात क्रांतीला दिसलं की स्टीलची बादली मोबाईलमध्ये भलतीच चमकतेय. तिनं ती उचलून मागं ठेवली. “तात्या, बादली मागं घेतलीया,” असं म्हणालीही. पण पिराजीचे कान तोवर काहिलीत होते. क्रांतीनं काहिलीत तापमापक सोडला आणि मोबाईल चालू केला.

बुडबुड्यांचा आवाज जड होत गेला. वास पालटला. पिराजीनं पळी भरली, डावीकडं वळला आणि रोजच्या सवयीनं ओतली.

पाण्याचा चर्र आवाज आला नाही. पाक त्याच्या उघड्या पावलावर पडला.

त्यानं दात आवळले. ओरडला असता तर सगळं संपलं असतं. डोळ्यांत पाणी आलं. पाय हलवायची सोय नव्हती आणि गोळीला वेळ नव्हता. काहील थांबणार नव्हती. त्यानं श्वास रोखून ऐकलं. एक बुडबुडा फुटला, मग दुसरा, अगदी सावकाश.

“उतरवा!”

“एकशे अठरा!” क्रांती किंचाळली. गड्यांनी काहील ओढली. सगळे तिकडं धावले. एकटा उदयसिंह इकडं आला, तांबडालाल होऊन.

“बादली कुणी हलवली?”

“मी... ती चमकत हुती...” क्रांती चाचरली.

“अगं, तिला हात लावायचा न्हाय! दोन वर्सं रोज सकाळी मी सोता मापून ठेवतोय ती. गड्यास्नी बी ताकीद हाय!”

पिराजीला पायाची आग क्षणभर कळेनाशी झाली. ज्याच्यापासून लपवायचं, तोच रोज सकाळी येऊन बादली ठेवत होता. त्याला लाज वाटली, आणि रडूही आलं.

“दादा... तुमास्नी ठावं हुतं? मग बोलला न्हाईसा?”

“गूळ बिघडला असता तर बोललो असतो,” उदयसिंह तसाच रागात म्हणाला. त्यानं बादली ओढली, खाली बसला, आणि पिराजीचा पाय दोन्ही हातांनी धरून पाण्यात घातला. “उगा हलू नका, मामा. गाडी काढतो, दवाखान्यात जाऊ.”

क्रांती हुंदके देत उभी होती. मोबाईल अजून चालूच होता.

“खोडू का, तात्या? कुठलंच कापता येत न्हाय. ठेवायचं तर सगळंच ठेवावं लागंल.”

“माझा पाय? दादांचं वरडणं?”

“सगळं आलंय.”

भिंतीएवढा पडदा आणि पहिली रांग पिराजीनं मनात एकदा बघून घेतली.

“पाठव,” तो म्हणाला. “आणि पाय काढला की बादली जाग्यावर ठेव. सकाळी काहील चढायची हाय.”