कासमभाईंची चौथी कॅसेट

आखातातल्या सीब गावच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, अत्तरवाल्याच्या शेजारी, कासमभाई परकारांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दोन हजार चौदा साली टेप दुरुस्त करून घ्यायला कोण येणार? तरी ते रोज शटर वर करायचे. मी मूळची पुण्याची, भाषाशास्त्र शिकलेली आणि नवऱ्याच्या नोकरीपायी मदिनत सुलतान काबूसला येऊन रिकामी बसलेली. मुंबईतल्या एका संस्थेला कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या बोलींचे आवाज हवे होते, त्या बोलणारी माणसं संपायच्या आत. काम बिनपगारी होतं, म्हणून माझ्या वाट्याला आलं.

कासमभाईंकडे खोकीच्या खोकी निघाली. रत्नागिरी-रायगडकडची माणसं पूर्वी घरी पत्रं लिहीत नसत, कॅसेट भरून पाठवत. लिहिता येणारी थोडी, आणि कागदाला कुठे रडता येतं? गावाला जाणाऱ्याच्या हाती कॅसेट जायची. घरचे ती दहादा ऐकायचे आणि मग तिच्यावरच आपलं बोलणं भरून परत धाडायचे. नवं चढलं की जुनं पुसलं जायचं. त्याचं कुणालाच काही वाटत नसे. निरोप पोचला, खलास.

कुणी कायमचं गावी परतलं किंवा वारलं, की त्याच्या कॅसेटी कासमभाईंकडे यायच्या. ते बुरशी पुसायचे, तुटलेली टेप जोडायचे आणि आवाज कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचे. मला मात्र बोलीची पडलेली. आज सांगायला लाज वाटते, पण एखादी म्हातारी हुंदके देत बोलायची आणि मी तिची क्रियापदं टिपून घ्यायचे.

"तुमच्या आईची नाही का हो एखादी?" मी एकदा सहज विचारलं.

ते बराच वेळ एकच स्क्रू फिरवत राहिले. मग म्हणाले, "हायत. चार हायत."

त्यांची आई अमीरुन्निसा अठ्ठ्याऐंशी साली वारली. कासमभाई मातीला पोचले नाहीत. गावच्या घरात तीन कॅसेटी मिळाल्या. तिन्हींवर कासमभाईच बोलत होते, पहिल्या मिनिटापासून तिसाव्या मिनिटापर्यंत. दुसऱ्या बाजूला कव्वाल्या होत्या, त्या पुसायला आई कधीच तयार झाली नव्हती. कव्वाल्या मात्र सगळ्या शाबूत.

चौथी कॅसेट एकोणऐंशीची. तेव्हा ते इकडेच, सहम गावी, खजुरीच्या बागेत मजूर होते. आईकडून आलेल्या कॅसेटवर उत्तर भरत असताना मशीनने टेप खाल्ली आणि ती तुटली. ती बाजूला टाकून त्यांनी उत्तर दुसऱ्या कॅसेटवर भरलं. म्हणजे जिथे टेप तुटली तिथवर कासमभाई, आणि त्यापुढे आई असणार. जगात तिचा आवाज असला तर एवढाच. आयुष्यभर लोकांच्या तुटक्या टेपा जोडणाऱ्या माणसाने पस्तीस वर्षं ही एक जोडली नव्हती.

"का हो?"

"जोडली आनि आवाज उडालेला निघाला तर, बाय? आता निदान ती हाय असा तरी वाटतं."

शहाणी असते तर गप्प बसले असते. पण माझा स्वभाव आड आला. तुम्ही घाबरताय म्हणून टेप खराब व्हायची थांबणार आहे का, चार वर्षांनी हातात भुकटी येईल, असं मी फाडकन बोलून गेले. घरी येऊन मी स्वतःला पोटभर शिव्या दिल्या.

पुढच्याच आठवड्यात सकाळी त्यांचा फोन आला. "या बाय. आज करू इन्शाल्ला."

कॅसेट त्यांनी उघडली, टोकं समोरासमोर आणली आणि चिकटपट्टी माझ्यापुढे सरकवली. ती मी लावली, त्यांच्या सांगण्याप्रमाणे.

आधी पंचविशीतले कासमभाई घाईघाईने बोलले. मी बरा हाय, ऊन लय हाय, काळजी करू नको. चार मिनिटं. मग खरखर, आणि एकदम एका बाईचा आवाज.

"...तुजा बोलना झटकन सरतं, बाला. मंग फुडं माजाच मागल्या खेपेचा बोलना वाजत ऱ्हातं. ता ऐकून मी काय करू? माजा आवाज मना कशाला? तू बोल. काय जेवलास, कोन भेटला, सगला सांग. पार कॅशेट सरेपरत बोल."

पुढे शेळी व्याल्याचं, खाडीत तिसऱ्या-शिंपल्या भरपूर मिळाल्याचं काहीबाही होतं. मग खोकला आणि बटण दाबल्याचा आवाज. आईचं सगळं मिळून सहा मिनिटं. त्या दिवशी मी एकही क्रियापद टिपलं नाही.

"मी ऐकला तिचा," कासमभाई म्हणाले. "तवापासून नऊ वर्सा एक कॅशेट अर्धी ठेवली नाय. सांगायला काय नसला तर बागेतली झाडा मोजून सांगायचो. पार शेवटपरत."

आणि ते रडले. शटर उघडं, बाहेर अत्तरवाल्याची गिऱ्हाइकं, तरी लहान मुलासारखे रडले. आईच्या शब्दाबाहेर न गेलेल्या मुलानं, तिच्याच शब्दाखातर, तिला पुसून टाकलं होतं. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही, याचं अजून वाईट वाटतं.

मग ते म्हणाले, "बाय, माजी चार मिनिटा काढून टाका. तिचाच ठेवा."

मी नियम सांगितला. नियम सांगण्यात मी पटाईत. मूळ टेपवरचं काहीही पुसायचं नसतं, मग ते कितीही बिनमहत्त्वाचं वाटो.

कासमभाईंनी डोळे पुसले. "ह्यो नियम," ते म्हणाले, "मना तवा कोन सांगनारा नव्हता."