म्हातारीचं पाणी

मोहाच्या फुलांचा आंबूस-गोड वास आला की मला इस्लापूरच्या पुढचं ते कौलारू घर आठवतं. परदेशातून आलेले साहेब आणि मॅडम लेकरांना घेऊन तिथं राहत, बायबल गोंडीत उतरवत, आणि मी त्यांचं घर सांभाळत असे. शेजारची एक गोंड म्हातारी रोज येऊन वाक्यं बोलून दाखवी, साहेब ती टेप करत. एके दिवशी ती वारली. त्याच्या चौथ्या दिवशी भर दुपारी मी तांदूळ निवडत होते, तर आतल्या खोलीत तीच म्हातारी खाकरली आणि म्हणाली, "बाई, पाणी दे गं." भुताबिताला मी भीत न्हाई म्हणून चर्चमध्ये मिरवणारी मी शहाणी, तांदळाचं सूप डोक्यावर पालथं घालून खाटेखाली! मग आतून माझाच आवाज आला, "थांब म्हातारे, टेप चालू हाय. तहानेनं मरत न्हाईस तू." तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला, की मॅडम म्हातारीचा शेवटचा टेप ऐकून राहिल्या होत्या. तो टेप केला त्या दिवशी पाणी द्यायचं मी विसरूनच गेले होते, आणि म्हातारी तशीच उठून गेली ती परत आलीच नव्हती. मी तांब्या भरून नेला आणि टेपपुढं ठेवला. खाटेखाली शिरलेल्या तेव्हाच्या त्या येड्या पोरीची, म्हणजे माझीच, मी आज लई टर उडवते. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बटण दाबून टेप थांबवला, आणि माणसाला पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आम्ही दोघी तांब्याकडं बघत बसलो.